रुग्णालयाने लिहिले पाहिजे

(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



आपल्या चिटणिसांनी मला ‘रुग्णालय आणि संशोधन’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी डॉक्टर नाही. बेळगावातील एका मराठी शाळेत गणित आणि विज्ञान शिकविणारा शिक्षक आहे. व्यासपीठावर एवढे वैद्य बसलेले असताना मजसारख्याने या विषयावर बोलावे हे थोडे धाडसाचेच. तथापि विचार करता मला असे दिसून आले की, रुग्णालयातील संशोधन हा निम्मा वैद्यकाचा प्रश्न असला तरी उरलेला निम्मा वहीचा आहे. आणि वह्या तपासण्यात तर माझे आयुष्य चालले आहे. तेव्हा त्या दुसऱ्या निम्म्याविषयीच मी बोलणार आहे.

सार्वजनिक संस्थेच्या स्मरणिकेत काय छापतात ते आपणांस ठाऊक आहे. देणगीदारांची नामावली असते, खाटांची संख्या असते, पायाभरणीचे छायाचित्र असते, हिशेबतपासनिसांचा दाखला असतो. हे सर्व छापलेच पाहिजे. ज्यांनी आपल्या तुटपुंज्या पगारातून या न्यासाला महिना पाच रुपये दिले, त्यांचे नाव कागदावर राहावे हा त्यांचा हक्क आहे. परंतु या पन्नास वर्षांत आपल्या रुग्णालयाने किती जणांवर उपचार केले, हे सांगून झाल्यावर एक प्रश्न उरतोच. इतक्या लोकांवर उपचार करून आपल्याला कळले काय? आणि जे कळले ते आपण कोणाला सांगितले काय?

संशोधन म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे काचेच्या नळ्या आणि पांढरा अंगरखा येतो. मी मुलांना निराळे सांगतो. एक नेमका प्रश्न विचारणे, त्याचे उत्तर मिळावे म्हणून मोजणे, ज्यांना औषध दिले त्यांची न दिलेल्यांशी तुलना करणे, आलेले उत्तर आवडो वा न आवडो लिहून ठेवणे, आणि ते लिखाण परक्या माणसाच्या हाती तपासावयास देणे, एवढे केले की संशोधन झाले. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टी सर्वांत कठीण आहेत, कारण त्यांना बुद्धीहून धैर्य अधिक लागते.

ही रीत काही आजची नव्हे. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी अबू बक्र अल्-राझी हे इराणातील रै या शहरी आणि पुढे बगदादला इस्पितळाचे प्रमुख होते. आजाऱ्यांविषयी आणि जुन्या ग्रंथांविषयी ते सतत टिपणे करीत. त्यांच्या मृत्यूनंतर ती टिपणे गोळा करून जो प्रचंड ग्रंथ झाला त्याला ‘अल्-हावी’ म्हणतात, आणि १२७९ साली सिसिलीत त्याचे लॅटिन भाषांतर झाले. त्यांची एक नोंद मला फार महत्त्वाची वाटते. मेंदूच्या आवरणाला सूज येण्याची लक्षणे असलेल्या काही रोग्यांचे त्यांनी रक्त काढले आणि काहींचे मुद्दामच काढले नाही, हेतू हा की फरक दिसावा. रक्त काढणे हितकारक असा त्यांनी निष्कर्ष काढला. आज तो कोणी मानणार नाही. पण निष्कर्ष चुकला हे पुढच्यांना शोधता आले, याचे कारण त्यांनी काय केले ते लिहून ठेवले होते. जे लिहिलेलेच नाही ते कोणी दुरुस्तही करू शकत नाही.

आता याच्या उलट उदाहरण पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला व्हिएन्ना येथील मोठ्या इस्पितळात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी शिकत. विद्यार्थ्यांच्या विभागात १८४६ साली शंभरांपैकी अकराहून अधिक बाळंतिणी दगावल्या; सुइणींच्या विभागात हे प्रमाण तिनाच्याही खाली होते. इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टराने आकडे समोर ठेवून कारण शोधले. विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनी प्रसूतिगृहात येत असत. १८४७ मध्ये त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केला, आणि १८४८ साली त्या विभागातील मृत्यूंचे प्रमाण १.२७ टक्क्यांवर आले.

एवढा मोठा शोध. पण सेमेलवाइसने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला तो १८६१ साली, म्हणजे चौदा वर्षांनी. मधल्या काळात त्याच्या मित्रांनी थोडेफार लिहिले, त्यावरून गैरसमज झाले, विरोध झाला. विरोधाचे खरे कारण उघड होते. ते आकडे डॉक्टरांनाच सांगत होते की, तुमच्याच हातांनी या स्त्रिया मेल्या. असे आकडे छापणे कोणत्या संस्थेला आवडेल? सेमेलवाइस १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात वारला. वेळीच आणि नीट लिहिले गेले असते तर किती माता वाचल्या असत्या याचा हिशेब कोणी मांडू शकत नाही.

व्हिएन्ना फार दूर आहे; आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. बेळगावात १९१६ साली सात शिक्षकांनी एक शिक्षणसंस्था काढली. तीच आजची के.एल.ई. संस्था. एका समाजाच्या लोकांनी वर्गणी काढून, स्वतःचे पगार पणाला लावून उभी केलेली ती संस्था आहे. ती शिक्षकांनी काढली याचा मला, एक शिक्षक म्हणून, सात्त्विक अभिमान वाटतो. मग आमची भाषा आणि त्यांची भाषा निराळी असो. १९६३ साली बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ते याच संस्थेचे. या महाविद्यालयाने आपल्या जिल्ह्यातील खेड्यांत जे काम केले, ते येथे बसलेल्यांपैकी बहुतेकांना ठाऊक नसावे. म्हणून ते मी जरा विस्ताराने सांगतो.

बाळंतिणी दगावण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे रक्तस्राव. मूल जन्मल्यावर गर्भाशय आवळले गेले नाही तर रक्त थांबत नाही. ते आवळण्यासाठी ऑक्सिटोसिन नावाचे इंजेक्शन आहे. पण ते थंड जागी ठेवावे लागते आणि टोचणारा जाणकार लागतो. ज्या घरात वीज जाते-येते, जेथे प्रसूती नर्सबाईच्या हातून चुलीशेजारच्या खोलीत होते, तेथे हे कसे साधावे? मिसोप्रोस्टॉल नावाची एक गोळी आहे. ती स्वस्त असते, बर्फात ठेवावी लागत नाही, पाण्याबरोबर गिळता येते. प्रश्न असा होता : ही गोळी खेड्यातल्या प्रसूतीत, नर्सबाईच्या हातून दिली, तर रक्तस्राव खरोखर कमी होतो काय?

‘होत असेल’ असे म्हणणे सोपे होते. बेळगावच्या डॉक्टरांनी तसे म्हटले नाही. डॉ. शिवप्रसाद गौडर, डॉ. भालचंद्र कोडकणी आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील डॉ. रिचर्ड डरमन प्रभृतींच्या सोबतीने मोजणी आरंभिली. सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातील चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या टापूत १,६२० स्त्रिया यात सामील झाल्या. ८१२ जणींना मिसोप्रोस्टॉल मिळाले, ८०८ जणींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी मिळाली. कोणाला काय मिळाले हे ना बाळंतिणीला ठाऊक, ना गोळी देणाऱ्या नर्सबाईला. हे गुपित मुद्दाम ठेवावयाचे असते. कारण आपण ज्याची आशा करतो ते आपल्या डोळ्यांना आधीच दिसू लागते.

डोळ्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. रक्त किती गेले हे पूर्वी अंदाजाने सांगत. या मंडळींनी बाळंतिणीच्या खाली पसरण्याची एक प्लॅस्टिकची चादर वापरली. तिच्या टोकाला नसराळ्यासारखी पिशवी आणि पिशवीवर मापाच्या खुणा. दूधवाल्याच्या मापासारखेच ते. नजरेने केलेला अंदाज आणि या पिशवीचे माप यांची तुलना करणारा त्यांचा एक वेगळा अभ्यास आहे. त्यात नजरेचा अंदाज पिशवीच्या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघाला. म्हणजे अनुभवी डोळ्यांनाही तीनातला एक भाग दिसतच नाही. मोजण्याचे महत्त्व मी वर्गात किती वर्षे सांगतो आहे. पण इतके बोलके उदाहरण मला क्रमिक पुस्तकात कधी मिळाले नाही.

आता निकाल ऐका. औषध नसलेली गोळी मिळालेल्या स्त्रियांत शेकडा १२ जणींना अतिरिक्त रक्तस्राव झाला; मिसोप्रोस्टॉल मिळालेल्यांत ६.४ जणींना. अतिशय गंभीर रक्तस्राव पहिल्या गटात शेकडा १.२, दुसऱ्यात ०.२. दर १८ स्त्रियांना गोळी दिली की एकीचा रक्तस्राव टळतो, असा हिशेब निघाला. गोळीने काही स्त्रियांना हुडहुडी भरते आणि थोडा वेळ ताप येतो, हेही त्यांनी त्याच लेखात छापले. लेख ऑक्टोबर २००६ मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकात आला. गोळी देणाऱ्या, पिशवी लावणाऱ्या आणि माप टिपून ठेवणाऱ्या होत्या २५ सहायक परिचारिका-सुइणी. ज्यांना आपण रस्त्यात ‘नर्सबाई’ म्हणून हाक मारतो, त्यांच्या हातची ही नोंद जगातील वैद्यांनी वाचली.

पुढे काय झाले? २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने बाळंतपणातील रक्तस्राव टाळण्याकरिता मिसोप्रोस्टॉलचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. हा निर्णय काही एकट्या बेळगावच्या लेखावर झाला नाही. असे निर्णय अनेक ठिकाणच्या पुराव्यांवर होतात. पण त्या पुराव्यांत आपल्या खेड्यांतला हा पुरावा अग्रभागी होता. आणि ती मापाची पिशवी? २०२३ साली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील ८० रुग्णालयांतला एक फार मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दोन लाखांहून अधिक प्रसूती होत्या. तशीच मापाची पिशवी लावून रक्तस्राव वेळीच ओळखला आणि सर्व उपचार एकदम सुरू केले, तर गंभीर परिणाम शेकडा ४.३ वरून १.६ वर येतात, असे त्यात आढळले. मोजण्याची साधी सवय कोठून कोठे जाते पाहा.

येथे एक अवघड प्रश्न आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. ज्या ८०८ स्त्रियांना औषध मिळाले नाही, त्यांच्यावर अन्याय झाला काय? या प्रश्नावर विद्वानांतही वाद होतात, आणि झाले पाहिजेत. माझ्या अल्पमतीने त्याचे उत्तर दोन गोष्टींवर अवलंबून आहे. पहिली ही की, ती गोळी गुणकारी आहे हे त्या ठिकाणी, त्या रीतीने, तेव्हा खरोखरच ठाऊक नव्हते काय? दुसरी ही की, स्त्रीला तिच्या भाषेत समजावून सांगून तिची संमती घेतली गेली काय, आणि नाही म्हटले तरी तिची सेवा तितक्याच मायेने होणार होती काय? आता देशात याचे नियम आहेत. औषधांच्या चाचण्यांची नोंदणी करणारी वही आपल्या देशात २००७ साली उघडली आणि २००९ पासून नव्या चाचण्यांची नोंद सक्तीची झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची नीतितत्त्वे आहेत. पण नियम म्हणजे कुंपण. आतले शेत माणसांनीच राखावे लागते. धर्मादाय रुग्णालयात येणारा गरीब माणूस उपकाराच्या ओझ्याखाली असतो. तो ‘नाही’ म्हणू शकेल अशी मोकळीक त्याला देणे, हे आपले पहिले कर्तव्य आहे.

कोणी म्हणेल, मोठ्या महाविद्यालयाचे ठीक आहे, आपल्यासारख्या लहान रुग्णालयाला हे कसे जमावे? त्यांना मी घाटाखाली महाडला घेऊन जातो. डॉ. हिंमतराव बावस्कर हे कोकणात प्राथमिक आरोग्य केंद्रावर नेमणुकीला गेले तेव्हा तेथे लाल विंचवाच्या दंशाने मुले आणि धडधाकट माणसे दगावत. त्यांनी रोग्याच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी केल्या. १९८२ साली त्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध या दंशावर कसे उपयोगी पडते, हे त्यांनी १९८६ साली त्याच साप्ताहिकात मांडले. याहून मला मोठी वाटते ती पुढची गोष्ट. २०११ साली त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी सत्तर रोग्यांवरील एक चाचणी प्रसिद्ध केली. तीत त्यांनी स्वतःच पुढे आणलेले प्राझोसिन एकटे, आणि प्राझोसिनच्या जोडीला विंचवाच्या विषावरची लस, यांची तुलना केली. जोडीने दिलेला उपचार अधिक लवकर गुण देतो असे निघाले, आणि त्यांनी ते तसेच छापले. आपल्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या औषधाला मदतनीस लागतो, असे स्वतःच जाहीर करणारा माणूस विरळा. हे सारे मोठ्या विद्यापीठात नव्हे, तालुक्याच्या गावी घडले.

आता प्रसिद्धीविषयी थोडे. शास्त्रीय नियतकालिकाला लेख पाठविला की तो लगेच छापत नाहीत. संपादक तो दोन-तीन जाणकारांकडे देतो. ते मोबदल्यावाचून तो वाचतात, शंका काढतात, आकडे पुन्हा मांडावयास सांगतात, पुष्कळदा लेख परतही पाठवितात. आमच्या परीक्षेत उत्तरपत्रिका शाळेबाहेरचा परीक्षक तपासतो, तसेच हे. घरच्या मास्तराने दिलेले गुण आणि बोर्डाचे गुण यांत जो फरक, तोच स्वतःच्या अहवालात आणि तपासून छापलेल्या लेखात.

पण जेथे परीक्षा आली तेथे नक्कलही येते. वैद्यकीय अध्यापकांच्या बढतीसाठी शोधनिबंधांची अट आली, आणि पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या दुकानांचे पीक आले. नावे भारदस्त, तपासणी मात्र शून्य. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीतही अशी नियतकालिके शिरली होती. पुण्याच्या विद्यापीठातील डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली त्या यादीतील विद्यापीठांनी सुचविलेल्या एक हजारावर नियतकालिकांची छाननी केली, तेव्हा त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक कसोटीला उतरली नाहीत. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढून टाकली. हे मी अशासाठी सांगतो की, उद्या आपल्या रुग्णालयाने लिहावयाचे ठरविले आणि कोणी ‘इतके हजार भरा, पंधरवड्यात छापून देतो’ म्हणत दाराशी आला, तर विश्वस्तांनी त्याला चहा पाजून परत पाठवावे. खोटा शोधनिबंध हे निरुपद्रवी कागद नव्हेत. कोठला तरी डॉक्टर त्यावर विसंबून कोणाच्या तरी आईला औषध देणार असतो.

आता शेवटी मी घरच्या गोष्टीवर येतो. आपल्या रुग्णालयाच्या मागील खोलीत सुरुवातीपासूनच्या प्रसूतींच्या नोंदवह्या आहेत. काहींना वाळवी लागली आहे, काही पावसाने चिकटल्या आहेत. नव्या सोनोग्राफी यंत्राला ती खोली हवी आहे, आणि वह्या रद्दीत द्याव्यात असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. यंत्र हवे यात शंका नाही. मी स्वतः त्याला वर्गणी दिली आहे. डॉक्टरांनी आंतररुग्णांची कागदपत्रे तीन वर्षे ठेवावीत असे २००२ सालचे नियम सांगतात, तेव्हा जुन्या वह्या टाकल्या तर बिघडले काय, असेही काही सभासद म्हणतात. माझे नम्र म्हणणे असे की, ठेवण्याचे बंधन नाही म्हणून टाकण्याचे कारण मिळत नाही.

त्या वह्यांत काय आहे? बाई कोणत्या गावाहून आली, वय काय, कितवी खेप, किती वाजता दाखल झाली, बाळाचे वजन किती, आणि शेवटच्या रकान्यात दोघांचे काय झाले. त्यांवरून कोणते औषध चांगले हे ठरविता येणार नाही; त्यासाठी आधी सांगितली तशी काटेकोर चाचणी लागते. पण कोणत्या गावच्या बायका उशिरा पोहोचतात, कोणत्या महिन्यात अपुऱ्या दिवसांची बाळे अधिक येतात, रात्री आलेल्यांचे आणि दिवसा आलेल्यांचे भवितव्य निराळे आहे काय, हे त्या वह्या सांगू शकतील. आपल्या रुग्णालयात परिचारिकांचा वर्ग चालतो. पन्नास वर्षांची अशी जमाखर्चाची वही घरात असताना त्या मुलींना परक्या देशाच्या आकड्यांवर का शिकवावे?

यावर दोन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला असा की, लोकांनी पैसा रोग्यांसाठी दिला, कागदांसाठी नव्हे. आक्षेप प्रामाणिक आहे. त्याला उत्तर एवढेच की, उपचार समोरच्या एका रोग्याला बरा करतो, लिहून ठेवलेला उपचार न पाहिलेल्या रोग्यालाही उपयोगी पडतो. दात्याला आपला पैसा दूरवर पोहोचावा असेच वाटत असते. दुसरा आक्षेप हळू आवाजात बोलला जातो. वह्या उघडल्या तर शेवटचा रकानाही उघडेल. किती माता गेल्या, किती बाळे गेली, हे लोकांना कळेल, आणि देणगीदार पाठ फिरवतील. बंधुभगिनींनो, खरी अडचण हीच आहे. व्हिएन्नातही हीच होती.

याविषयी माझे मत मी स्पष्ट सांगतो. ज्यांच्या घरातील सून किंवा लेक आपल्या रुग्णालयात गेली, त्यांना तो आकडा माहीतच आहे. त्यांच्या घरात तो भिंतीवर टांगलेला आहे. तो ठाऊक नाही फक्त आपणांस. जी शाळा नापासांची संख्या लपविते तिचा निकाल कधी सुधारत नाही, हे मी पाहिले आहे. जी शाळा फळ्यावर लिहिते, ‘गणितात इतकी मुले नापास’, ती दुसऱ्या वर्षी सकाळचा जादा तास घेते. दान मागताना आपण खाटा दाखवितो. त्याबरोबर आपण चुका दाखविल्या आणि त्यांवर काय उपाय केला तेही दाखविले, तर दाता पळून जाईल असे मला वाटत नाही. पळालाच तर तो दाता नावाच्या पाटीचा होता, रोग्याचा नव्हता, असे समजावे.

म्हणून सभेपुढे माझ्या तीन विनंत्या आहेत. एक, वह्या रद्दीत देण्याचा ठराव सहा महिने तहकूब ठेवावा, आणि तेवढ्यात त्यांच्या पानांची छायाचित्रे काढून घ्यावीत. आमच्या शाळेचे माजी विद्यार्थी आणि वरच्या वर्गातील मुले पाने पुसण्या-झटकण्याचे, जिल्दी बांधण्याचे काम करतील. ज्या पानांवर नावे आहेत ती मात्र जबाबदार परिचारिकेनेच हाताळावीत, मुलांच्या हाती देऊ नयेत. बाळंतिणीची लाज ही संस्थेची लाज आहे. दोन, महोत्सवी निधीतून एक नोंदणी-कारकून नेमावा आणि आजपासूनची प्रत्येक प्रसूती, नावे वगळून अभ्यासाला वापरता येईल अशा रीतीने लिहून ठेवावी. अभ्यास करावयाचा झाल्यास महाविद्यालयातील जाणकारांचा सल्ला घ्यावा आणि नीतिसमितीच्या परवानगीवाचून पाऊल टाकू नये. तीन, दरवर्षी वार्षिक सभेत हिशेबाच्या पत्रकाशेजारी एक पान रुग्णालयाचे असावे : किती आल्या, किती सुखरूप गेल्या, किती गेल्या नाहीत, आणि त्यातून आपण काय शिकलो. ते मराठीत असावे, कानडीत असावे, आणि आमच्या मोहल्ल्यातील आयाबहिणींसाठी उर्दूतही असावे. इंग्रजी नियतकालिकात लेख येईल तो येवो. पण ज्यांच्या रक्ताच्या मापावर तो उभा राहील, त्यांना तो आधी कळला पाहिजे.

बेळगाव जिल्ह्यातल्या त्या १,६२० स्त्रियांपैकी कोणाचेही नाव लेखात छापलेले नाही, आणि छापावयासही नको होते. त्या आपल्याच टापूतल्या. त्यांच्यापैकी एखादी आज आपल्या आठवड्याच्या बाजारात मिरच्या विकत असेल. आपल्यामुळे दूरदेशीची एखादी बाई वाचली, हे तिला बहुधा कोणी सांगितले नसेल. ज्ञान देणाऱ्याला ज्ञान परत मिळावे, ही साधी देवघेव आपल्यासारख्या लहान संस्थेला नक्कीच पाळता येईल.

पन्नास वर्षे आपण सेवा केली, याचा आनंद आज साजरा करू या. उद्यापासून ती लिहून ठेवू या.